पदे गाळून ‘सौभद्र’ कोणी केले आहे का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

गेल्या रविवारी आमच्या भागातल्या एका सभागृहात ज्येष्ठांसाठी जुना इंग्रजी सिनेमा फुकट दाखवला. मध्ये चहा आणि बटाटवडा होता. वडा झकास होता, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. सिनेमा होता ‘सिंगिंग इन द रेन’, १९५२ सालचा, १०३ मिनिटांचा. साडेपाचला सुरू झाला आणि साडेसहाला, वडा धरून, आम्ही सगळे बाहेर स्कूटरच्या किल्ल्या चाचपत उभे होतो.

हिशेब जुळेना म्हणून मी लॅपटॉप सांभाळणाऱ्या मुलाकडे गेलो. मुलगा गुणी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. सातला तिथे तियात्राची, म्हणजे कोकणी नाटकाची, तालीम होती, तोवर खुर्च्या रचून झाल्या पाहिजेत असे त्याला बजावले होते. त्याने साधा उपाय काढला. गाणे लागले की बटण दाबायचे आणि गाणे संपते तिथे जाऊन थांबायचे. चेहऱ्यावर अपराधी भाव वगैरे काही नाही, उलट काम वेळेत उरकल्याचे समाधान. मला म्हणतो, “आजोबा, गाणीं सोडलीं म्हूण किदें जालें? स्टोरी कळटा न्हय?”

तिथल्या तिथे मला उत्तर सुचले नाही. रात्री पेज पुढ्यात आली तेव्हा सुचले, आणि मग पेज राहिली बाजूला. ते उत्तर त्या एकट्याला सांगण्यापेक्षा आपल्या वाचकांनाही सांगावे म्हणून हे पत्र.

मी फोंड्यात सरकारी कचेरीत कारकून होतो, पण गावात मला पेटीवाला म्हणूनच ओळखतात. वडील जत्रेच्या नाटकांना पायपेटी वाजवायचे, त्यांच्यामागून मी वाजवली. आता गुडघे पायटे मारू देत नाहीत, म्हणून घरीच हातपेटीवर भागवतो. आमच्या वडिलांना कोणी सांगितले असते, की मास्तर, वेळ कमी आहे, पदे गाळा आणि ‘सौभद्र’ आटोपा, तर त्यांनी काही न बोलता पेटीचे झाकण लावले असते आणि घरची वाट धरली असती. ‘सौभद्र’ची गोष्ट ती केवढी? अर्जुनाला सुभद्रा हवी, बलरामाला ती दुर्योधनाला द्यायची आहे, आणि कृष्ण मध्ये बसून गंमत करतो आहे. पोस्टकार्डावर मावेल. १८८२ पासून लोक त्या पोस्टकार्डासाठी रात्र-रात्र जागले असतील, असे मला वाटत नाही.

या सिनेमाची गोष्टही पोस्टकार्डाएवढीच, पण ती गाण्यांवाचून कळतसुद्धा नाही. साल १९२७. मुका सिनेमा बोलायला लागला आहे आणि स्टुडिओवाल्यांची धांदल उडाली आहे. त्यांची लोकप्रिय नायिका दिसायला परी, पण आवाज असा की तव्यावर उलथने खरवडावे. मग एका अनोळखी मुलीचा आवाज तिच्या तोंडी बसवतात. शेवटी सिनेमाचा पहिला खेळ होतो, प्रेक्षक खूश होऊन नायिकेला म्हणतात, समोर येऊन गा. ती पुढे ओठ हलवते आणि पडद्यामागे उभी राहून ती मुलगी गाते. तेवढ्यात नायक आणि त्याचे दोघे जण पडद्याची दोरी ओढतात. पडदा वर जातो आणि आवाज कोणाचा हे सगळ्या थिएटराला दिसते. अख्खा सिनेमा त्या एका दोरीसाठी रचला आहे.

आमच्या मुलाने तेही गाणेच म्हणून ढकलले! आम्हाला दिसले ते एवढेच, की एक मुलगी रडत खुर्च्यांमधून पळत सुटली आहे. माझ्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक बसले होते. ते हळूच मला विचारतात, “तिचे कोण गेले?”

संपादक महोदय, यावर मी काय सांगणार?

दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवायची ही भानगड आमच्या भागात तरी लोकांना लवकर कळावी. मंगेशी आमच्यापासून चालत जाण्याइतकी जवळ, आणि दीनानाथांचे मूळ गाव ते. त्यांच्या थोरल्या कन्येने १९४९ च्या ‘महल’साठी गायलेले गाणे घराघरात पोहोचले, तेव्हा तबकडीवर नाव छापले होते ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे. हॉलीवूडमध्ये मार्नी निक्सन नावाच्या बाईंनी ‘द किंग अँड आय’मध्ये डेबोरा करसाठी, ‘वेस्ट साइड स्टोरी’त नताली वुडसाठी आणि १९६४ च्या ‘माय फेअर लेडी’त ऑड्री हेपबर्नसाठी आवाज दिला, आणि तिन्ही सिनेमांच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव नव्हते. ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये तर याच्याही पुढची गंमत आहे. कथेत आवाज उसना देणारी मुलगी झाली आहे डेबी रेनॉल्ड्स. तिने नायिकेसाठी म्हटलेले म्हणून जे मुख्य गाणे आपल्याला ऐकवतात, ते प्रत्यक्षात बेटी नॉइस नावाच्या तिसऱ्याच गायिकेचे आहे. आणि डेबीने नायिकेच्या तोंडी बसवलेले म्हणून जे गोड संवाद ऐकू येतात, ते खुद्द नायिका झालेल्या जीन हेगनचे, तिच्या खऱ्या आवाजातले. म्हणजे जिच्या आवाजाची सिनेमाभर टर उडवली, चांगला आवाज हवा झाला तेव्हा तिचाच घेतला. याला म्हणतात नाटकवाल्यांची जात.

आता गाण्यांविषयी. लोक म्हणतात, हे काय, चांगले बोलत असतात आणि मध्येच गायला लागतात! संगीत नाटकांवर वाढलेल्या गोव्यात हे ऐकले की माझे कान तापतात. मध्येच कोणी गात नसते. पेटीवाल्याला विचारा. नटाचे गद्य उताराला लागले की शेवटच्या दोन वाक्यांखाली मी हळूच सूर धरायचो, इतका हळू की तिसऱ्या रांगेत ऐकू जाऊ नये. नटाला तो पायाखाली लागायचा आणि तो बोलता-बोलता पदात उतरायचा. कुठे बोलणे संपले आणि कुठे गाणे लागले हे प्रेक्षकाला सांगता आले नाही, म्हणजे आमचे काम झाले. वडील यालाच ‘उंबरा न लागता घरात शिरणे’ म्हणायचे.

पावसातले ते गाणे या कानाने ऐका. नायक मुलीला तिच्या दारापर्यंत सोडतो, निरोप घेतो, उभ्या टॅक्सीला हात करून पाठवून देतो आणि चालू लागतो. अजून शब्द नाहीत. तोंडात नुसते ‘डू डू डू डू’ चालले आहे, आपण आंघोळीला जाताना गुणगुणतो तसे. हे गुणगुणणे मूळ गाण्यात नव्हते. रॉजर एडन्स नावाच्या संगीत जुळवणाऱ्या गृहस्थांनी ते पुढे जोडले. एडन्ससाहेबांनी सूर धरला, मी म्हणेन. मग चार पावले गेल्यावर तो खांदे उडवतो, छत्री मिटतो, आणि गातो.

आता आमच्याकडे वर्षाला ३०० सेंटिमीटरच्या आसपास पाऊस. पावसात छत्री मिटणारा माणूस गोव्यात दिसला तर लोक आधी त्याच्या घरच्यांना कळवतील. आमच्या मंडळींनी हे गाणे पहिल्यांदा बघितले तेव्हा त्या म्हणाल्या, “ताप येईल मेल्याला.” मी म्हटले, येईल काय, होता! नायक झालेला जीन केली अंगात १०३ ताप घेऊन ते गाणे नाचला असे सांगतात. (१०३ मिनिटांचा सिनेमा आणि १०३ ताप, हे मला आत्ता लिहिताना दिसले.) त्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तुम्ही लग्नाला जूनमध्ये आलात तेव्हा दोन छत्र्या घेऊन आला होतात.” खरे आहे. एक वडिलांची होती.

पण या सिनेमातले प्रेमाचे खरे गाणे माझ्या मते पावसाचे नव्हेच. ते आधी येऊन जाते आणि त्याचा गाजावाजाही कमी. नायकाला मुलीला सांगायचे आहे, पण हा पडला नट, सजावटीशिवाय त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून तो तिला एका रिकाम्या चित्रीकरणगृहात घेऊन जातो. चिटपाखरू नाही. तो एक कळ दाबतो आणि सूर्यास्त होतो. दुसरी दाबतो, लांबच्या डोंगरांवरून धुके येते. एका साध्या शिडीवर तिला उभी करतो, तो झाला तिचा सज्जा. वरून दिवा सोडतो, ते चांदणे. शेवटी मोठा पंखा लावतो, ती उन्हाळ्यातली झुळूक. सगळे खोटे आहे, एकेक कळ आपल्या डोळ्यांदेखत दाबली जाते, आणि तिचे केस उडू लागतात तेव्हा घशात काहीतरी अडकतेच.

मला तरी अडकते, कारण ते चांदणे मी स्वतः पाडलेले आहे. आठ-नऊ वर्षांचा असेन. जत्रेचे नाटक, गॅसबत्तीचा उजेड. बागेचा प्रवेश आला की पुठ्ठ्याच्या चौकटीत ताणलेला निळा जिलेटिनचा कागद बत्तीपुढे धरायचे काम माझे. हात वर करून, पद संपेपर्यंत हलायचे नाही. तालमीत पद पाच मिनिटांचे असायचे, जत्रेत वन्समोअर पडून वीस मिनिटांचे व्हायचे. कागद तापून कडेने वळायला लागायचा, पाकोळ्या येऊन कपाळावर आपटायच्या, बोटे भाजायची. एकदा मी सुस्कारा टाकून हात खाली केला तर रंगमंचावर रात्रीची दुपार झाली. वडिलांनी पायपेटीवरून मान वळवून फक्त बघितले. तर सांगायचे ते हे, की समोर बसलेल्या प्रत्येकाला तो कागद दिसत होता, कागदामागचा पोरगा दिसत होता, मागची बाग रंगवलेल्या पडद्याची आहे आणि गुंडाळताना तिला सुरकुती पडली आहे हेही दिसत होते. आणि तरी नायिकेने वर बघून चंद्राला काही म्हटले की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. खोटेपणा लपवला नाही म्हणून त्यांचे काही अडले नाही. हॉलीवूडची ही जुनी संगीतमय प्रेमकथा मला परकी वाटत नाही ती यामुळे. आमच्या सभामंडपात चालायचे तेच तिथे मोठ्या दिव्यांनी चालले आहे.

ही गाणी सिनेमासाठी केलेलीही नव्हती, बहुतेक जुनीच. पावसाचे गाणे १९२९ च्या एका सिनेमातले. आर्थर फ्रीड हे आधी गीते लिहायचे, नेशियो हर्ब ब्राऊन चाली द्यायचे. पुढे फ्रीड एमजीएम स्टुडिओत निर्माते झाले आणि त्यांनी बेटी कॉमडेन आणि अ‍ॅडॉल्फ ग्रीन या लेखकजोडीपुढे जुन्या गाण्यांचा ढीग टाकून सांगितले, यांच्याभोवती गोष्ट बसवा. आपल्या जुन्या नाटकांची छापील पुस्तके उघडा, प्रत्येक पदावर कंसात ‘चाल’ दिलेली असते, अमुक लावणीची, तमुक साकीची, कुठे कानडी पदाची. चाल आधीची, शब्द नंतरचे. कारागीर सगळीकडे सारखाच वागतो.

आयर्व्हिंग बर्लिन यांचे उदाहरण आम्हा पेटीवाल्यांना फार जवळचे. फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांच्या १९३५ च्या ‘टॉप हॅट’ची गाणी त्यांची. या माणसाला स्वरलिपी वाचता येत नव्हती आणि पियानोवर तो मुख्यतः काळ्या पट्ट्यांवरच वाजवायचा. दुसऱ्या पट्टीत हवे असेल तर? त्याने खास पियानो घेतला होता, खाली एक दांडा, तो सरकवला की बोटे तिथेच आणि सूर दुसरीकडे. अहो, हा आपला स्केल चेंजर! माझ्या पहिल्या स्केल चेंजर पेटीला भजनातल्या बुजुर्गांनी नाके मुरडली होती, “पट्टी बदलता येत नाही म्हणून यंत्र घेतलेस काय?” तेव्हा मला बर्लिनसाहेब माहीत असते तर बरे झाले असते.

‘टॉप हॅट’मध्ये दोघे गालाला गाल लावून नाचतात तो नाच जरूर बघा. जिंजरच्या झग्यावर शहामृगाची पिसे शिवली आहेत, आणि ती नाचताना गळतात. पडद्यावर एखाद-दुसरे तरंगताना दिसतेही. चित्रीकरणात ती अस्टेअरच्या नाकातोंडात गेली, तो वैतागला, आणि नंतर तिला ‘फेदर्स’ म्हणूनच हाक मारू लागला. नाच बघताना यातले काही जाणवत नाही. ती मागे झुकते, तो तिला तोलतो, आणि दोघे इतके हलके दिसतात की वजन नावाची गोष्ट आपण विसरतो. या जोडीने १९३३ ते १९४९ या काळात १० सिनेमे केले. अस्टेअरचा आग्रह असायचा की नाचताना डोक्यापासून बुटापर्यंत अख्खा माणूस दिसला पाहिजे आणि कॅमेऱ्याने उगाच तुकडे पाडायचे नाहीत. म्हणजे चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. आता लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा दर दोन सेकंदांना चित्र बदलते, नवरा नाचतो आहे की नुसता हलतो आहे हे त्याच्या आईलाही कळत नाही.

यावरून दुसरी तक्रार आठवली. त्या काळातल्या या सिनेमांची चौकट जवळजवळ चौकोनी असायची. उभा माणूस त्यात पायांसकट नीट बसतो. आमच्या मुलाने बाजूच्या काळ्या पट्ट्या जाव्यात म्हणून चित्र ताणून रुंद केले. झाले! जीन केली बुटका आणि फुगलेला, डेबी रेनॉल्ड्सचा चेहरा पुरणपोळीसारखा. ती बिचारी तेव्हा १९ वर्षांची होती, नाच शिकलेली नव्हती, या सिनेमासाठी जीन केली आणि डोनाल्ड ओकॉनर या दोन कसलेल्या नाच्यांच्या बरोबरीने उभी राहिली. तिघे मिळून सोफा उलथवतात त्या सकाळच्या गाण्यात तिच्या पायांतून रक्त आले होते. तेही गाणे आम्ही ढकलले. सोफा मात्र उलथलेला दिसला, का ते कळले नाही.

मला या सिनेमांची गोडी लावली ती आमच्या वाटेवरच्या एका मेस्तांनी. ते चर्चच्या शाळेत व्हायोलिन आणि गायन शिकवायचे आणि वडिलांशी त्यांची दोस्ती होती, कारण दोघांनाही दुसऱ्याचे वाद्य बेसूर वाटायचे. साठीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी मला कार्रेरीत, म्हणजे बसमध्ये, घालून पणजीला ‘द साउंड ऑफ म्युझिक’ दाखवायला नेले. मला इंग्रजी येत नव्हते. जूली अँड्र्यूज मुलांना गवतात बसवून ‘दो रे मी’ शिकवायला लागली आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो. घरी वडील मला सा रे ग म घोटून घेत होते, मेस्तांच्या ओसरीवर दो रे मी कानावर पडायचे, आणि या दोन गोष्टी एकच आहेत हे मला कोणी सांगितलेच नव्हते! पुढे तीच मुले ते स्वर उलटसुलट करून गातात, एक एका स्वरावर उभा, दुसरी दुसऱ्यावर. म्हणजे पलटे. माझ्या जिवावर आलेले, रोज पहाटेचे पलटे साल्झबर्गच्या बागेतल्या पायऱ्यांवर उड्या मारत होते. परतताना मी मेस्तांना विचारले, ते म्हणाले, “मग तुला काय वाटले, तुझे सात आणि माझे सात मिळून चौदा?”

त्या सिनेमात रात्रीच्या काचघरात कप्तान आणि ती एकमेकांना कबुली देतात तो प्रसंग निव्वळ काळ्या आकृत्यांत आहे. किती काव्यमय, असे मी वर्षानुवर्षे म्हणत होतो. नंतर कळले की वरचे मोठे दिवे विचित्र आवाज काढत होते, नको तसला आवाज, आणि दोघांना हसू आवरेना. मग दिग्दर्शक रॉबर्ट वाइज यांनी चेहरे अंधारात घालवले, म्हणजे हसू दिसायला नको. आमच्याकडेही एकदा शकुंतलेच्या निरोपाच्या वेळी पायपेटीचा भाता फाटला होता आणि असाच आवाज येऊ लागला होता. पण आम्हाला अंधार करायला सुचले नाही.

मेस्तांचा भाऊ मुंबईला सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवायचा. गोव्याचे कितीतरी वादक तेव्हा तिकडे होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, हळदोण्याचे चिक चॉकलेट, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, शिवाय सेबॅस्टियन डिसोझा. हिंदी गाण्यांत ट्रम्पेट आणि व्हायोलिनांचे ताफे आले ते बरेचसे यांच्या हातून, आणि यांचे कान अमेरिकन तबकड्यांवर तयार झालेले. सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट पडद्यावरही दिसतात. तेव्हा हे ‘परक्यांचे संगीत’ म्हणणाऱ्यांनी जरा आपल्याच वाड्यावर चौकशी करावी.

माझी या सिनेमांवर आंधळी भक्ती नाही. ‘सिंगिंग इन द रेन’च्या उत्तरार्धातला लांबलचक बॅले मला गोष्टीबाहेरचा वाटतो. सिड चॅरिस कितीही अप्रतिम नाचली तरी मी तेव्हा चहाला उठतो. ‘माय फेअर लेडी’ तर मला ‘ती फुलराणी’नंतर बेतास बात वाटला. मूळ नाटक बर्नार्ड शॉचे, पण पु.लं.च्या मंजुळेला भक्ती बर्वेंनी जो जीव दिला, त्यापुढे हेपबर्नचे कपडेच जास्त लक्षात राहतात. रेक्स हॅरिसन मात्र बहारदार. तो गातच नाही, लयीत बोलतो, आवाज गेलेले आमचे जुने नट पद म्हणायचे तसा. दरवेळी वेगळे म्हणायचा, आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर त्याचे ओठ जुळेनात, म्हणून टायमध्ये लहानसा बिनतारी मायक्रोफोन लपवून त्याची गाणी चित्रीकरणाच्या वेळीच घेतली.

आणि या झगमगाटाला एक घाणेरडी बाजू होती, ती गाणी गाळण्याशीच निगडित आहे. लीना हॉर्न ही काळी गायिका, रूपाने आणि गळ्याने कोणाला हार न जाणारी. एमजीएमने तिला घेतले, पण तिची गाणी बहुतेक सिनेमांत अशी सुटी ठेवली की कथेला धक्का न लावता कापता यावीत. कारण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या थिएटरांना काळी बाई पडद्यावर नको असायची. तिथे ते तुकडे कापून सिनेमा दाखवत. ‘गाणे काढले तरी स्टोरी कळते’ हे वाक्य तिच्या बाबतीत मुद्दाम खरे करून ठेवले होते. आमच्या मुलाच्या मनात असले काही नव्हते हे मला माहीत आहे, त्याला फक्त खुर्च्या रचायच्या होत्या. पण त्याने ते वाक्य उच्चारले तेव्हा मला तीच आठवली.

आयोजकांना माझे सांगणे थोडके आहे. तासच हाती असेल तर अर्धा सिनेमा दाखवा, उरलेला पुढच्या रविवारी. आम्ही ज्येष्ठ आहोत, रविवार आमच्याकडे पुष्कळ आहेत. आमच्यातल्या निम्म्यांनी ‘मानापमान’ दोन-दोन रात्री झोपत-जागत बघितलेले आहे. चित्र ताणू नका, बाजूला काळे राहिले तर राहू द्या. आवाज लॅपटॉपच्या पोटातून येऊ नये, स्पीकर लावा. खाली इंग्रजी अक्षरे असली तरी चालतील, नसली तरी चालतील, पलटे मला न वाचता कळले होते. आणि दर नोव्हेंबरात पणजीत चित्रपट महोत्सव भरतो, तेव्हा एखादा असा जुना संगीतपट फोंड्याच्या कलामंदिरात सकाळी दहाला लावता आला तर बघावे. आमच्या मंडळींना पणजीची गर्दी सोसत नाही. सकाळची वेळ मुद्दाम म्हणतो, संध्याकाळी तालमी असतात.

त्या मुलाला मी सोमवारी घरी बोलावून पावसाचे गाणे आणि शिडीचे गाणे दाखवले, न ढकलता. शिडीच्या गाण्यात पंखा लागला तेव्हा तो म्हणाला, “पण हें सगळें फट न्हय?” मी म्हटले, हो, पूर्ण फट, सगळे खोटेच. मग त्याने पंखा कितीचा असेल ते विचारले आणि गाणे मागे नेऊन पुन्हा लावले. बटण त्याच्याच हातात होते.

माझे नाव कृपया छापू नये. हा मुलगा माझ्या सुनेच्या भावाचा, चवथीला आमच्याकडेच जेवायला असतो.

आपला,
एक पेटीवाला
म्हार्दोळ, फोंडा